सिस्टरने कान लावला

सिस्टरला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारा माणूस आता एकटा बँकेतला कारकून उरला होता. बाकी सगळ्या जगासाठी ती सिस्टर. छत्तीस वर्षं प्रसूतिगृहात काढून ती निवृत्त झाली, त्यालाही सहा वर्षं उलटली, पण नाव काही निवृत्त झालं नाही. नवरासुद्धा तिला सिस्टरच म्हणायचा, आणि तेही ओरडून. छापखान्यात मशीनच्या खडखडाटात उभा जन्म गेलेला माणूस तो. हळू बोलणं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने घरात मीठ मागितलं की वरच्या मजल्यावरची बाई मीठ घेऊन खाली येते, अशी त्यांच्या जिन्यावर थट्टा चालायची.

शहराबाहेरच्या मोठ्या मैदानावर दर वर्षी तीन दिवस संगीत महोत्सव भरे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक बँड, समोर हजारो माणसं, आणि मैदानाच्या एका कडेला, झाडांच्या सावलीत, सिस्टरचा तंबू. तान्ही मुलं, रांगती मुलं, पोटुशा बायका आणि दमलेले बाप यांच्यासाठी हा तंबू होता. आत पाळणे, चटया, पाण्याचे पिंप, लंगोट बदलायला टेबल, आणि दारात मुलांच्या कानांवर लावायच्या झाकणांची मोठी पेटी. सिस्टरच्या राज्यात झाकणाशिवाय कुठलंही पोर स्टेजकडे नेता येत नसे. एखादा हौशी बाप ‘अहो, त्याला सवय आहे’ असं म्हणायचा अवकाश, सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

“सवय आहे? किती वर्षांची सवय आहे त्याला? जन्मून पाच महिने झालेत ना?”

बाप मुकाट्याने पेटीत हात घालायचा.

हा तंबू तिनेच उभा केला होता. तीस वर्षांपूर्वी ती इथे प्रथमोपचाराच्या कामावर आली तेव्हा स्वतः आठव्या महिन्यात होती. पाय सुजलेले, बसायला जागा नाही, आणि संडासांच्या मागे एक बाई पालथ्या क्रेटवर बसून बाळाला पाजताना तिला दिसली. सिस्टर तशीच डुलत डुलत व्यवस्थापकाकडे गेली आणि म्हणाली, “तुमच्याकडे ढोल ठेवायला तंबू आहे, गिटारी ठेवायला तंबू आहे. माणसाचं पिल्लू ठेवायला काही आहे का?” पुढच्या वर्षी तंबू मिळाला आणि त्यातली पहिली गिऱ्हाईक म्हणजे सिस्टरची अकरा महिन्यांची लेक. ती लेक आता औषधांच्या दुकानात कामाला होती आणि दर वर्षी तीन दिवस रजा टाकून आईच्या हाताखाली राबायची. राबता राबता आईला बोलही लावायची.

पण तंबूचं नाव झालं होतं ते एका वेगळ्याच गोष्टीमुळे. एक बँड उतरून दुसरा चढेपर्यंत मैदानावर पंधरा-वीस मिनिटं शांतता असे. त्या वेळात पोटुशा बायका तंबूत रांग लावायच्या. सिस्टर आपली जुनी लाकडी नळी काढायची. कर्ण्यासारखी एका बाजूला रुंद, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. रुंद तोंड बाईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला आपला उजवा कान लावायचा, आणि आतल्या जिवाचे ठोके ऐकायचे. मग मान वर करून ती काहीतरी बोलायची. “ढोलवाला आवडलेला दिसतोय हिला.” किंवा “हा झोपलाय बघ निवांत, तूच उगाच नाचतेस.” तपासणी म्हणावी अशी ती तपासणी नव्हती, हे सिस्टर सगळ्यांना बजावून सांगे. तरीही बायका यायच्या. काहींचा डॉक्टर शहरातला सर्वांत महागडा असायचा, पण सिस्टरने कान लावून ‘छान आहे’ म्हटल्याशिवाय त्यांना गाणं गोड लागत नसे.

आणि गेल्या दोन वर्षांत सिस्टरला त्या नळीतून काहीही ऐकू येत नव्हतं.

हे एकदम झालं नाही. आधी पक्षी गेले. मग कुकरची शिट्टी. मग एक दिवस भाजीच्या दुकानात सगळी माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. आपल्या पदराला काही लागलंय की काय म्हणून ती चाचपायला लागली, तेव्हा दुकानदाराने तिच्या पिशवीकडे बोट दाखवलं. पिशवीत फोन वाजत होता, म्हणे बराच वेळ. घरी मात्र वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही, कारण घरात नवरा बोलायचा आणि नवऱ्याचं बोलणं तर वरच्या मजल्यावरही ऐकू जायचं. शेवटी लेकीलाच शंका आली. “आई, कान दाखवून घे एकदा,” असं ती चार वेळा म्हणाली. चारही वेळा सिस्टरने तिला झटकून टाकलं.

कानाचं मशीन तिला परवडत नव्हतं अशातली गोष्ट नाही. तिला भीती वाटत होती, आणि भीती अगदी सरळ होती. मशीन लावलेल्या म्हातारीच्या हातात कोण आपलं पोर देईल? रडलेलं जिला ऐकू येत नाही तिच्या तंबूत कोण बाळ झोपवेल? तंबू गेला तर वर्षाचे उरलेले तीनशे बासष्ट दिवस ती कशाची वाट बघणार होती?

मग तिने डोळ्यांना कामाला जुंपलं. पाळणे ओळीत होते, ते अर्धगोलात आणले आणि मध्ये आपली खुर्ची ठेवली, म्हणजे प्रत्येक पोराचं तोंड दिसेल. रडं फुटायच्या आधी पोराची हनुवटी थरथरते, हे तिला ठाऊक होतं. ती हनुवटीवरच उठायची. बायकांना वाटायचं, काय ही सिस्टर, बाळ रडायच्या आत पोचते! व्यवस्थापकाने तर पाळण्यांच्या या नव्या मांडणीचं भर सभेत कौतुक केलं. सिस्टर मान खाली घालून बसली. लोकांना तो विनय वाटला.

सगळं जमलं, पण नळीचं सोंग काही जमण्यासारखं नव्हतं. तरी तिने ते केलं. मागच्या वर्षी सात बायकांच्या पोटांवर तिने नळी टेकवली, मनात आकडे मोजले, मान वर केली आणि हसून सांगितलं, “छान आहे. घोड्यासारखं धावतंय.” हाताला पोटाची ठेवण कळत होती, बाळ हलताना दिसत होतं, त्यात काय एवढं, असं तिने स्वतःला समजावलं. पण नंतर दोन महिने ती प्रत्येक बातमीची वाट बघत होती. सातही बाळंतपणं सुखरूप पार पडली. सातव्या पेढ्याच्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि कांदा चिरतेय असं तिने नवऱ्याला सांगितलं.

यंदा नळी काढायचीच नाही, असं ठरवून ती आली होती. पहिला दिवस त्यातच निभावला. “आज पाठ धरलीय, वाकता येत नाही,” असं सांगून तिने रांग परतवून लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मा लावलेली एक तरुण आई कडेवर दहा महिन्यांचं गुटगुटीत पोर घेऊन आत आली आणि तिने सिस्टरच्या गळ्यात हातच टाकला.

“ओळखलंत का? मागच्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, घोड्यासारखं धावतंय. हा बघा तुमचा घोडा!”

घोड्याने सिस्टरचं नाक पकडलं. सिस्टर हसली खरी, पण तिची नजर पिशवीतल्या नळीकडे गेली.

तेवढ्यात स्टेजवरचा बँड थांबला. सिस्टरला हे कळायचं ते तंबूच्या खांबावर ठेवलेल्या हातातून. खांबाची थरथर बंद झाली की शांतता झाली. रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. पाठीचं निमित्त सांगायला सिस्टर तोंड उघडणार, तोच मागून एक बाई पुढे आली. साताठ महिन्यांचं पोट, हाताला धरलेली तीन वर्षांची मुलगी, मुलीच्या कानांवर लाल झाकणं. बाई ओळखीची होती. ही लाल झाकणवाली पोटात होती तेव्हाही ती आली होती, आणि तेव्हा सिस्टरचे कान धडधाकट होते.

“मला जरा आधी घेता का?” ती रांगेला म्हणाली. मग सिस्टरकडे वळली. चेहरा हसरा ठेवायचा प्रयत्न करत होती, पण ओठ कोरडे पडले होते. “सिस्टर, सकाळपासून हललं नाहीये. काल खूप नाचले मी. दमून झोपलं असेल, असं हे म्हणतात. मलाही तसंच वाटतंय. उगाच बाऊ करायचा नाहीये मला. तुम्ही एकदा ऐका. तुम्ही छान म्हणालात की मी निवांत समोर जाऊन बसते.”

सिस्टरने हे सगळं तिच्या ओठांवरून वाचलं. एकही शब्द सुटला नाही.

तिने बाईला चटईवर डाव्या कुशीवर निजवलं. हाताने पोट चाचपलं. डोकं खाली, पाठ डावीकडे, सगळं जागच्या जागी. हात ठेवून वाट बघितली. काही हललं नाही. मग पिशवीतून नळी काढली, टेकवली आणि कान लावला. सवय मोठी वाईट. तिने खरोखरच श्वास रोखून ऐकलं. कानात नेहमीची ती गुणगुण, दूरवरचा पंखा चालू असावा तशी. त्यापलीकडे काही नाही. तिने डावा कान लावला. तिथेही तेच.

ठोके नसतील, किंवा असतील. हे कळायची गरज आजवर तिला इतकी कधीच पडली नव्हती, आणि तिला ते कळणार नव्हतं.

वर बायकांचे चेहरे होते. चष्मेवाली पोराला खेळवत उभी होती. लेक दुधाची बाटली हातात घेऊन बघत होती. ‘छान आहे’ हे दोन शब्द सिस्टरच्या जिभेवर तयारच होते. सात वेळा बोलून चांगले रुळलेले. ते म्हटले असते तर बाई उठून हसत हसत गाणं ऐकायला गेली असती. कदाचित तिचं काही बिघडलंही नसतं. त्या ‘कदाचित’ शब्दावर मात्र सिस्टरचा पाय अडला. छत्तीस वर्षांत तिने कदाचितवर एकाही बाईला घरी पाठवलं नव्हतं.

तिने नळी खाली ठेवली.

“माझे कान गेलेत,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. नळीतून मला काही ऐकू येत नाही, तुझ्या बाळाचंही नाही आणि दुसऱ्या कुणाच्या बाळाचंही नाही. त्यामुळे घाबरू नकोस, पण इथे थांबूही नकोस. सकाळपासून हललं नाही म्हणजे हे डॉक्टरने बघायचं, आणि आत्ता बघायचं.” मग लेकीकडे वळून, “धाव. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला म्हणावं, ठोक्यांचं मशीन घेऊन ये. चालत नाही, पळत.”

लेक बाटली टाकून पळाली. आईच्या कानांबद्दल एक अक्षरही ती बोलली नाही, हे तिचे सिस्टरवर उपकारच झाले.

सिस्टरने बाईच्या डोक्याखाली घडी घातलेली चादर सरकवली, तिला थंड पाणी दिलं, लाल झाकणवालीला मांडीशी घेतलं. हे करता करता तिची नजर वर गेली. चष्मेवाली तिच्याकडेच बघत होती. हसू पुसलं गेलं होतं.

“दोन वर्षं?” तिने विचारलं. “म्हणजे मागच्या वर्षी? माझ्या वेळी?”

सिस्टरला ते ऐकू आलं नाही, पण दिसलं. नाही समजलं असं दाखवायची ही आयती संधी होती. अशा संधींवर तिने दोन वर्षं काढली होती.

“तुझ्या वेळीही नाही,” ती म्हणाली. “काही ऐकू आलं नव्हतं मला. मी खोटं बोलले.”

चष्मेवालीने पोराला छातीशी घट्ट धरलं आणि ती तंबूबाहेर निघून गेली. तिच्यामागून रांगेतल्या दोघी गेल्या. सिस्टरला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण त्याकडे बघायला वेळ नव्हता. बाईने तिचं मनगट गच्च पकडलं होतं.

डॉक्टर आला. पोरगेलासा, धापा टाकत, हातात साबणाच्या वडीएवढं मशीन. त्याने पोटावर जेल लावलं, मशीन टेकवलं, सरकवलं, पुन्हा सरकवलं. सिस्टर त्याच्या कपाळाकडे बघत राहिली. कपाळावर आठी होती. आठी तशीच राहिली. मग ती गेली.

तंबूतल्या सगळ्यांचे चेहरे एकदम बदलले. लेकीने तोंडावर हात ठेवला. कोपऱ्यातला एक दमलेला बाप उगाचच टाळी वाजवून ओशाळला. बाईचे डोळे भरून आले आणि ती हसायला लागली. मशीनमधून काहीतरी सगळा तंबू भरून वाजत असणार. सिस्टर एकीकडून दुसऱ्याकडे चेहरे वाचत बसली होती. जन्मभर जो आवाज आधी तिला ऐकू यायचा आणि मग ती इतरांना सांगायची, तो आज सगळ्यांना ऐकू येत होता आणि तिलाच सांगणारं कुणी नव्हतं.

बाईने तिच्याकडे बघितलं. मनगट अजून तिच्याच हातात होतं. तिने सिस्टरचा तळवा उलटा केला आणि त्यावर एका बोटाने ठोके द्यायला सुरुवात केली. भरभर, हलके, मशीनमधून येत होते तसेच्या तसे. टक टक टक टक. सिस्टरने डोळे मिटले. ओठ हलायला लागले. इतक्या वर्षांची मोजायची सवय होती ती, तिला घड्याळ लागत नसे.

“एकशे चाळीसच्या आसपास,” ती म्हणाली.

डॉक्टरने मशीनवरचा आकडा बघितला. “एकशे बेचाळीस,” तो म्हणाला, आणि तिला कळलं नसेल म्हणून बोटांनी करून दाखवलं.

तरी त्याने बाईला रुग्णालयात न्यायचं ठरवलं, आणि ते बरोबरच होतं; ठोके चांगले असले तरी बाळ का हललं नाही हे नीट बघायला हवं. सिस्टरनेच तिच्या चपला शोधून दिल्या. बाईचा नवरा कुठूनतरी धावत आला, हातात दोन आइस्क्रीम वितळत होती. ती कुणाला द्यायची हे त्याला कळेना, शेवटी दोन्ही सिस्टरच्या लेकीच्या हातात कोंबून तो रुग्णवाहिकेत चढला. लाल झाकणवालीने जाताना सिस्टरला टाटा केला.

तासाभराने लेकीच्या फोनवर निरोप आला. सगळं ठीक. वेटोळं करून निवांत झोपलेलं बाळ रुग्णालयात गेल्यावर जागं झालं आणि आता लाथा मारतंय. लेकीने तो निरोप मोठ्या अक्षरांत करून आईच्या डोळ्यांसमोर धरला.

“सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे,” लेक म्हणाली. या वेळी ती समोर बसून बोलली.

“बरं.”

“बरं म्हणजे नक्की?”

“नक्की म्हटलं ना! ओरडू नकोस.”

“मी ओरडत नाहीये, आई.”

सिस्टर व्यवस्थापकाकडे जाऊन त्यालाही सांगून आली. तो जुना व्यवस्थापक केव्हाच गेला होता, हा दुसरा होता. त्याने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला की आजचा आणि उद्याचा दिवस तंबू लेकीने सांभाळावा, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. तो वाईट बोलला नाही. पण ‘बघू’ या शब्दाचा अर्थ काय होतो, हे साठी ओलांडलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

ती परत आली तेव्हा ऊन कललं होतं. खांब थरथरत होता, म्हणजे बँड वाजत होता. पाळणे भरलेले होते आणि लेक त्यांच्यामधून फिरत होती. सिस्टर आपल्या खुर्चीवर बसली नाही. दाराशी झाकणांची पेटी होती, तिच्या कडेला एका स्टुलावर टेकली. वाटलं, झाकणं पुसून ठेवावीत. तेवढं काम तरी ऐकू न येता करता येतं. ती एकेक झाकण उचलून फडक्याने पुसत राहिली. ज्या दोन बायका रांग सोडून गेल्या होत्या त्यांतली एक दारावरून गेली, पण आत बघितलं नाही.

मग कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. पायांत निळ्या चपला. वर बघितलं तर चष्मेवाली. कडेवर पोर. डोळे लाल झालेले.

ती सिस्टरच्या पुढ्यात खाली बसली, चेहरा बरोबर तिच्यासमोर आणून. बोलायला लागली ती सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, म्हणजे सिस्टरला वाचता यावा.

“तुम्ही छान म्हणालात म्हणून मागच्या वर्षी मी पुढचे दोन महिने निर्धास्त होते. याला काही झालं असतं तर?”

“तर मी जन्मभर तोंड दाखवू शकले नसते,” सिस्टर म्हणाली. “तुला नाही आणि स्वतःलाही नाही.”

“मी रागावलेय. अजून रागावलेय.”

“रागाव. बरोबरच आहे.”

“लवकर जाणार नाही हा राग.”

“नको जाऊ दे.”

पोर सिस्टरच्या हातातल्या झाकणाकडे झेपावत होतं, चष्मेवालीने त्याला मागे ओढलं, ते पुन्हा झेपावलं. तिने सुस्कारा सोडला. मग उठून उभी राहिली आणि पोराला सिस्टरच्या मांडीत ठेवलं.

“सकाळपासून पोटात काही नाही माझ्या,” ती म्हणाली, पुन्हा तसंच समोर तोंड करून. “काहीतरी खाऊन येते. तोवर बघा याला.”

ती गर्दीत गेली. सिस्टरने पोराच्या कानांवर झाकणं लावली, त्याला दोन्ही हातांनी धरलं, आणि त्याची आई परत येईपर्यंत त्याच्या हनुवटीवरून नजर हलवली नाही.